लॅपटॉपचा कॅमेरा अचानक गायब, दुकानदार म्हणतो फॉरमॅट मारा. मारू का?

बे_एके_बे
नमस्कार मंडळी. मी सांगलीत आठवी ते दहावीच्या गणिताच्या शिकवण्या घेते, निम्मी मुलं ऑनलाइन असतात. लॅपटॉप चारेक वर्षं जुना, वॉरंटी कधीच संपलीये, विंडोज ११ आहे. परवा रात्री अपडेट आला, रीस्टार्ट झाला आणि सकाळी क्लासला बसले तर कॅमेरा नाही. मीटमध्ये म्हणतं कॅमेरा सापडत नाही, झूममध्ये नुसताच काळा चौकोन. मुलं म्हणतायत मॅडम तुम्ही दिसत नाही, आवाज येतोय. गल्लीतल्या दुकानात दाखवला, त्याने दोन मिनिटं इकडेतिकडे क्लिक केलं आणि म्हणाला विंडोज खराब झालंय, फॉरमॅट मारावं लागेल, संध्याकाळी घेऊन जा. माझ्या सगळ्या प्रश्नपत्रिका श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये आहेत, ते परत बसवायचं, फॉन्ट, प्रिंटर, सगळा संसार नव्याने मांडायचा म्हटलं की पोटात गोळा येतो. खरंच फॉरमॅटशिवाय इलाज नाही का?

खटपट्या
मारू नका! आधी दुकानातून लॅपटॉप घरी आणा.

मग एवढंच सांगा:
विंडोजचं स्वतःचं कॅमेरा नावाचं ऍप उघडा, ते काय म्हणतंय? खाली एक लांबलचक एरर कोड येतो, त्याचे शेवटचे चार आकडे सांगा.
स्टार्टवर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा. त्यात कॅमेराज किंवा इमेजिंग डिव्हायसेस अशी ओळ दिसते का? दिसत असेल तर पिवळा त्रिकोण आहे का?

मीट आणि झूमचं सध्या सोडून द्या. कॉम्प्युटरला कॅमेरा दिसतोय की नाही हेच अजून माहिती नाही, ते कळेपर्यंत बाकी सगळं अंधारात बाण मारणं आहे.

चकलीभाजणी
माझाही सेम प्रॉब्लेम झाला होता दादा, सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, तिथे कॅमेरा, तिथलं बटण ऑफ झालं होतं. ऑन केलं, चालू झाला. तिथे तीन बटणं असतात, सगळ्यात वरचं अख्ख्या मशीनचं, मधलं ऍप्सचं आणि खाली डेस्कटॉप ऍप्सचं वेगळं. झूम आणि क्रोम त्या खालच्यात मोडतात, लोक वरची दोन चालू करतात आणि खालचं विसरतात. कुठल्या ऍपने कॅमेरा शेवटचा कधी वापरला तेही तिथेच लिहिलेलं असतं, जाता जाता बघून घ्या, कधीकधी भलतंच नाव दिसतं.

बे_एके_बे
@चकलीभाजणी दादा नाही हो, ताई :) तिन्ही बटणं चालूच आहेत.

@खटपट्या शेवटचे आकडे ४२४४. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॅमेराज अशी ओळच नाहीये. ऑडिओ आहे, बॅटरी आहे, ब्लूटूथ आहे, कॅमेरा नाही. आणि तो बारीक पांढरा दिवा लागायचा तोही लागत नाही.

खटपट्या
४२४४ म्हणजे विंडोजच्या मते या मशीनला कॅमेरा जोडलेलाच नाही. परवानगी नाही असं नाही, दुसरं ऍप वापरतंय असंही नाही, थेट नाहीच. म्हणजे मीट, झूम, क्रोम, प्रायव्हसी सेटिंग सगळे सुटले, बिचाऱ्यांचा काही दोष नाही.

आता डिव्हाइस मॅनेजरच्या वरच्या व्ह्यू मेनूत जा, शो हिडन डिव्हायसेसवर टिक करा. मग कॅमेरा फिकट रंगात दिसतो का सांगा.

पेंग्विन_पुणेरी
विंडोज काढून लिनक्स टाका, प्रश्नच मिटेल.

भुईमूग
@पेंग्विन_पुणेरी आला का तुम्ही. माझ्या मेहुण्याला तुमच्यासारख्याच एकाने लिनक्स टाकून दिलं, कॅमेरा चालू झाला आणि प्रिंटर गेला.

रानजाई
धागा हायजॅक करत नाही पण माझा आकडा ४२४३ आहे. तोच आजार का?

खटपट्या
@रानजाई नाही, तुमचा बरा. ४२४३ म्हणजे कॅमेरा आहे पण दुसऱ्या कुणीतरी धरून ठेवलाय. झूम खिडकी बंद केली तरी खाली घड्याळापाशी बसून राहतं, तिथून राइट क्लिक करून बाहेर काढा. टीम्सचंही तेच. ब्राउझरमध्ये मीटचा जुना टॅब उघडा राहिलाय का बघा. काहीच सापडलं नाही तर रीस्टार्ट करा, शटडाउन नको. विंडोजच्या फास्ट स्टार्टअपमुळे शटडाउन अर्धवटच होतं, रीस्टार्टला खरं सगळं पुसलं जातं.

रानजाई
टीम्सच निघालं. ऑफिसची मीटिंग कालच संपली होती हो, ते मेलं अजून बसलेलं. धन्यवाद!!

बे_एके_बे
हिडन केल्यावर दिसतोय! फिकट करड्या अक्षरात. प्रॉपर्टीजमध्ये लिहिलंय की हे डिव्हाइस सध्या जोडलेलं नाही, कोड ४५. मग आता ड्रायव्हर टाकू का? कंपनीच्या साइटवर कॅमेऱ्याचा ड्रायव्हर आहे.

खटपट्या
टाकून काही होणार नाही. ड्रायव्हरचं काम कॅमेऱ्याशी बोलायचं, समोर कॅमेराच नसेल तर तो बोलणार कोणाशी. एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ पासून विंडोजमध्ये साध्या यूएसबी कॅमेऱ्यांचा ड्रायव्हर आतच असतो, त्यामुळे ड्रायव्हर कसाही असला तरी निदान नाव तरी दिसलं असतं. पिवळा त्रिकोण असता तर मीच म्हणालो असतो की अपडेट ड्रायव्हर, मग ब्राउज, मग लेट मी पिक, आणि त्या यादीतून यूएसबी व्हिडिओ डिव्हाइस निवडा. अपडेटनंतर कंपनीचा ड्रायव्हर बिघडला की या एका गोष्टीने बऱ्याचदा काम होतं. तुमची केस ती नाही.

आणि प्लीज ते फुकट ड्रायव्हर अपडेटर वगैरे काही उतरवू नका.

आता बटणं. बऱ्याच लॅपटॉपला कॅमेरा बंद करायचं बटण असतं आणि ते चुकून दाबलं जातं. कीबोर्डच्या वरच्या ओळीत कॅमेऱ्यावर काट मारलेलं चित्र आहे का बघा. आसुसमध्ये बऱ्याचदा एफ१० वर, एमएसआयमध्ये एफ६ वर, लेनोवोच्या काही मॉडेलला एफ८ वर असतं, एचपीच्या काही मॉडेलला बाजूला सरकतं बटण असतं. यात दोन जाती आहेत. काचेवर सरकणारी बारीक झडप असेल तर कॅमेरा चालू असतो, फक्त चित्र काळं येतं. इलेक्ट्रॉनिक बटण असेल तर ते कॅमेऱ्याची जोडणीच तोडतं आणि डिव्हाइस मॅनेजरमधून नाव गायब होतं, अगदी तुमच्यासारखं.

चकलीभाजणी
झडपेवरून आठवलं, आमच्या सासूबाईंनी लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर टिकली लावली होती. कुणीतरी बघतंय म्हणे. काढली तर गोंद राहिला आणि आता व्हिडिओ कॉलवर सगळे धुक्यात बसल्यासारखे दिसतात.

डबल_सोल्डर
चष्म्याच्या फडक्यावर थेंबभर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन हलकं पुसा, निघतो गोंद. नेलपॉलिश रिमूव्हर चुकूनही नको, प्लॅस्टिकची काच पांढरी पडते. चिवट डाग असेल तर सासूबाईंच्या टिकलीचा गोंद भारी आहे असं समजा.

भुईमूग
सासूबाई बरोबरच आहेत की. फेसबुकवाल्या झकरबर्गचा २०१६ मध्ये फोटो आला होता, मागे टेबलावरच्या लॅपटॉपच्या कॅमेऱ्याला आणि माइकलाही टेप चिकटवलेली होती. त्यालाच आपल्या धंद्याची खात्री नाही.

पेंग्विन_पुणेरी
मॅकवाल्यांनी मात्र जपून. जाड कव्हर लावून मॅकबुक मिटलं तर स्क्रीन फुटू शकते असं ऍपलने २०२० मध्ये स्वतःच सांगितलंय, कव्हर साध्या प्रिंटरच्या कागदापेक्षा जाड नको म्हणे. आणि दिवा लागल्याशिवाय कॅमेरा चालू होतच नाही असंही ते सांगतात. जुन्या मॅकबुकमध्ये दिवा न लावता कॅमेरा चालू करता येतो हे जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी २०१३ मध्ये करून दाखवलं होतं, त्यामुळे टिकलीला माझा पाठिंबा आहे.

बे_एके_बे
टिकलीवरून परत माझ्याकडे या :) वरच्या ओळीत एकाही बटणावर कॅमेऱ्याचं चित्र नाही, बाजूलाही काही नाही. झडपही नाही.

खटपट्या
मग दोनच गोष्टी राहिल्या. एक, लॅपटॉप पूर्ण बंद करा, चार्जर काढा, पेनड्राइव्ह माऊस सगळं काढा आणि पॉवरचं बटण तीसेक सेकंद दाबून धरा. मग चार्जर लावून चालू करा. अडकून बसलेली सर्किटं यानं कधीकधी जागी होतात. दोन, बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मशीनच्या सेटिंग्जमध्ये, जाऊन कॅमेरा बंद नाही ना ते बघा. चालू करताना एफ२ किंवा डिलीट, कंपनीप्रमाणे बदलतं. बरेचदा सिक्युरिटीच्या किंवा ऍडव्हान्स्डच्या पानावर इंटिग्रेटेड कॅमेरा असं लिहिलेलं असतं. बाकी कशाला हात लावू नका, न सेव्ह करता बाहेर या.

बे_एके_बे
दोन्ही केलं. बायोसमध्ये कॅमेरा एनेबल्ड आहे. बटण दाबून धरल्यावर चालू केला तर कॅमेरा आला!!! मी दिसले, केस विंचरलेले नव्हते तरी आनंद झाला. मग स्क्रीन जरा मागे केली, खिडकीतून उजेड येत होता म्हणून, आणि परत गेला. आता परत दाबून धरलं तर येत नाहीये.

डबल_सोल्डर
ताई थांबा, आता बटण दाबत बसू नका. स्क्रीन मागे केली आणि गेला, हे वाक्य माझ्यासाठी पुरेसं आहे.

मी लॅपटॉप दुरुस्तीच करतो म्हणून जरा सविस्तर लिहितो. लॅपटॉपच्या आतला कॅमेरा म्हणजे बहुतेक वेळा साधा यूएसबी वेबकॅमच असतो, फक्त पट्टीएवढ्या बारीक बोर्डावर बसवून स्क्रीनच्या वरच्या कडेत लपवलेला. तिथून केसासारख्या बारीक तारा निघतात, स्क्रीनच्या तारांबरोबर एकाच वेणीत खाली येतात आणि बिजागरीतून वळून मदरबोर्डला जातात. तुम्ही झाकण उघडमिट केलं की दर वेळी ती वेणी त्याच जागी वाकते. चार वर्षं रोज क्लास म्हणजे विचार करा. त्यात कुणी झाकण एका कोपऱ्याला धरून उघडत असेल तर त्या बाजूची बिजागरी आधी ढिली होते आणि तारेला चावायला लागते. स्क्रीनच्या तारा थोड्या वाचतात आणि कॅमेऱ्याच्या चारपैकी एखादी आधी तुटते, म्हणून चित्र व्यवस्थित आणि कॅमेरा गायब.

आता घरबसल्या परीक्षा करा. डिव्हाइस मॅनेजर उघडा ठेवा, हिडनची टिक काढून टाका, आवाज मोठा करा. झाकण एका हाताने हळूहळू पुढे आणा, मागे न्या. यूएसबी लावल्या काढल्यावर विंडोज टिडिंग असं वाजतं ना, ते ऐका. आणि यादीकडे लक्ष ठेवा, कॅमेरा जोडला किंवा तुटला की यादी स्वतःच झपकन हलते. वाजलं तर केबल, शंभर टक्के. नाही वाजलं तर कॅमेऱ्याचा बोर्ड मेलेला असू शकतो किंवा मदरबोर्डकडचं कनेक्टर निघालेलं.

माइक चालतोय म्हणजे केबल चांगली असेल असं मात्र धरू नका. माइक बऱ्याच मॉडेलमध्ये त्याच पट्टीवर असतो पण त्याच्या तारा वेगळ्या असतात, त्या शाबूत असू शकतात.

खटपट्या
सोल्डरभाऊंनी मुद्द्याचं सांगितलं. फॉरमॅटवाल्याला तोंडावर सांगायला आणखी एक उपाय: उबुंटूची (लिनक्सचाच एक प्रकार) पेनड्राइव्ह बनवा, काहीही इन्स्टॉल न करता त्यातून नुसतं ट्राय करून चालू करा. तिथे टर्मिनलमध्ये एल एस यू एस बी टाईप केलं की जोडलेल्या सगळ्या यूएसबी वस्तूंची यादी येते. कॅमेरा तिथेही नसेल तर विंडोजचा काय संबंध, फॉरमॅट मारून काय उपयोग.

पेंग्विन_पुणेरी
अखेर लिनक्सची आठवण झाली. पण एक शेपूट जोडतो, नाहीतर लोक फसतील. गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याच इंटेलवाल्या पातळ लॅपटॉपमध्ये कॅमेरा यूएसबीवर नसतोच, थेट प्रोसेसरला जोडलेला असतो. तो चांगला असला तरी उबुंटूला दिसेल याची खात्री नाही. तेव्हा आधी विंडोजमध्ये त्या फिकट कॅमेऱ्याच्या प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्स, तिथे हार्डवेअर आयडी बघा. यूएसबीने सुरू होत असेल तरच ही परीक्षा खरी.

डेल असेल तर पेनड्राइव्हही नको, चालू करताना एफ१२ दाबून डायग्नोस्टिक्स घ्या. एचपीला एफ२.

बे_एके_बे
वाजलं!! झाकण अगदी पुढे आणलं, म्हणजे किबोर्डवर सावली पडेल इतकं, तेव्हा टिडिंग वाजलं आणि यादीत कॅमेराज अशी ओळ उगवली. जरा मागे नेलं की लगेच उतरता आवाज आणि ओळ गायब. मुलगा शेजारी बसला होता, त्याला इतकी मजा आली की तोच मागेपुढे करत बसला, शेवटी ओरडले. हार्डवेअर आयडी यूएसबीनेच सुरू होतो.

म्हणजे अपडेटचा काही संबंध नव्हता तर.

डबल_सोल्डर
नव्हता. अपडेट नेमका त्याच रात्री आला म्हणून त्याच्या माथी बसलं. आणि मुलाला थांबवलंत ते उत्तम, कारण तुटकी तार घासून शेजारच्या तारेला टेकली तर स्क्रीनही जाऊ शकते. दुरुस्त होईपर्यंत झाकण एकाच कोनात ठेवा.

आता दुरुस्ती. केबल बदलायची, कॅमेरा नाही. दुकानात गेलात की मॉडेलचं नाव सांगून केबल मागवू देऊ नका. एकाच मॉडेलमध्ये साधी स्क्रीन, टच स्क्रीन असे प्रकार असतात, कुठे ३० पिनची केबल असते कुठे ४० पिनची, चुकीची आली तर बसतच नाही. जुनी केबल बाहेर काढून तिच्यावरच्या स्टिकरवरचा पार्ट नंबर वाचायचा आणि त्यावरूनच मागवायची. दुकानदाराला हे माहिती असतं, पण तुम्ही बोललात की तो जरा सरळ बसतो. बॅटरीचं कनेक्टर आधी काढणार ना, हेही विचारा. ती लागलेली असताना स्क्रीनची केबल ओढली तर मदरबोर्डवरचा फ्यूज उडतो, मग कॅमेरा राहिला बाजूला.

बिजागरीचे स्क्रू ढिले असतील तर तेही त्याच वेळी कसून घ्या. फार घट्टही नको.

भुईमूग
पुण्यात असता तर तपकीर गल्ली आणि मुंबईत लॅमिंग्टन रोड. सांगलीत कुठे मिळेल?

डबल_सोल्डर
केबल ऑनलाइन मागवतात हल्ली सगळेच, गल्लीत जायची गरज नाही. बसवणारा हात चांगला हवा. मोबाईलची स्क्रीन बदलणारा नको, लॅपटॉपच उघडणारा बघा.

निळी_शाई
स्वतः उघडली तर? यूट्यूबवर फार सोपं दाखवतात.

डबल_सोल्डर
यूट्यूबवाल्याचा लॅपटॉप त्याचा स्वतःचा असतो. स्क्रीनभोवतीची काळी चौकट क्लिपांवर असते, जुन्यात निघते नखाने. नव्या मॉडेलला ती दुहेरी टेपने चिकटवलेली असते आणि टच असेल तर पुढे सगळी काचच असते, ती उचकटायला गेलात की कोपऱ्यातून चीर जाते. साधी स्क्रीन असेल आणि हात स्थिर असेल तर करा, मी कोण अडवणार.

चकलीभाजणी
पण ताईंचे क्लास आहेत ना मधे. बाहेरचा यूएसबी वेबकॅम घ्या की, झंझटच नको.

खटपट्या
तोही पर्याय आहे. पण हातात फोन असताना वेबकॅमला पैसे कशाला. ड्रॉइडकॅम टाकलं की अँड्रॉइड फोन वेबकॅम होतो. पिक्सेलसारख्या काही फोनवर अँड्रॉइड १४ पासून काहीच टाकायला लागत नाही, केबल लावून वेबकॅम निवडायचं. आयफोन आणि मॅक असेल तर मॅकच्या २०२२ च्या व्हेंच्युरा आवृत्तीपासून आपोआप होतं. लॅपटॉपच्या अंगच्या कॅमेऱ्यापेक्षा फोनचा कॅमेरा कैक पटीने चांगला दिसतो.

आणि ताई, गणिताला तर फोन पुस्तकांच्या चवडीवर आडवा ठेवून खाली वहीकडे वळवा. मुलांना तुमच्या चेहऱ्यापेक्षा पायऱ्या दिसायला हव्यात.

बे_एके_बे
तसंच करतेय. डब्यांच्या रॅकची एक फळी काढली, तिच्यावर फोन उपडा, खाली वही. एक मुलगा म्हणाला मॅडम आता तुम्ही हातचा कुठे घेता ते कळलं. दहावीचा आहे हा.

लॅपटॉप कोल्हापूरला भावाच्या ओळखीच्या माणसाकडे दिलाय. त्याने माझ्यासमोरच आधी बॅटरी काढली, मग चौकट. उजव्या बिजागरीपाशी वेणीवरची काळी टेप झिजून आत तांबं दिसत होतं, एक तार तर सरळ दोन तुकडे. त्याने पार्ट नंबरचा फोटो काढून केबल मागवली. माझ्या हातून गल्लीतल्या दुकानात फॉरमॅट झालं असतं तर कॅमेरा गेलेला तो गेलेलाच राहिला असता आणि वर श्रीलिपी गेलं असतं.

निळी_शाई
गल्लीतल्या दुकानदाराला सांगितलंत का?

बे_एके_बे
सांगितलं. म्हणाला, बघा मी म्हटलं नव्हतं का काहीतरी मोठं आहे.

डबल_सोल्डर
:D

केबल बसली की पहिल्या दिवशी झाकण मागेपुढे करून तीच परीक्षा परत घ्या, पैसे द्यायच्या आधी. एकदाही टिडिंग वाजता कामा नये. आणि यापुढे झाकण मधोमध धरून उघडायचं, घरच्या सगळ्यांना सांगा.

बे_एके_बे
केबल बसली, परीक्षा घेतली, वाजलं नाही. कॅमेरा चालू आहे पण क्लासला फोनच ठेवणार, मुलांनी मतदान घेतलं आणि वहीच जिंकली. सगळ्यांचे आभार, टिकलीवाल्या सासूबाईंचेही.

मुक्काम_पोस्ट_औसा
उशिरा आलो. माझा कॅमेरा डिव्हाइस मॅनेजरमध्ये दिसतोय, त्रिकोण नाही, दिवा लागतो, पण चित्र पूर्ण काळंनिळं, माणसं भुतासारखी. झाकण हलवून फरक पडत नाही. ही पण केबल का?

खटपट्या
नाही. तोंड दाखवून लॉगिन होतं का तुमच्या लॅपटॉपला? होत असेल तर त्यात दोन कॅमेरे आहेत, एक साधा आणि एक इन्फ्रारेड. तुमच्या ऍपने इन्फ्रारेडवाला धरलाय. झूमच्या व्हिडिओ सेटिंगमध्ये वरच्या यादीतून दुसरा निवडा.

मुक्काम_पोस्ट_औसा
झालं. एवढ्यासाठी मी उद्या लातूरला जाणार होतो.